पुणे शहरातील सार्वजनिक उत्सव

पुणे शहरातील सार्वजनिक उत्सव : देवघर, देवालय, मशीद, चर्च किंवा अग्यारी यांच्या आवारात होणारा धर्मविधी आणि वर्गणी जमवून, रस्त्यावर, सर्वांच्या देखत होणारा उत्सव या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याचा संबंध श्रद्धेशी असतो. दुसऱ्याचा श्रद्धेइतकाच शहराच्या रस्त्यांशी, पेठापेठांतील चढाओढीशी, पोलिसांच्या परवान्यांशी आणि राजकारणाशीही असतो. पुण्याची ख्याती या दुसऱ्या प्रकारच्या उत्सवामुळे, विशेषतः सार्वजनिक गणेशोत्सवामुळे, झाली. या गणेशोत्सवाचा उगम सांगताना राष्ट्रीय जागृतीचा उल्लेख नेहमी केला जातो व तो योग्यही आहे. परंतु ज्या उत्सवाच्या शेजारी, काही अंशी ज्याच्या नमुन्यावर आणि शेवटी ज्याच्याशी फारकत घेऊन तो उभा राहिला, त्या मोहरमचा उल्लेख बहुधा ओझरताच होतो. त्यामुळे १८९३-९४ या दोन वर्षांत शहराने काय मिळविले हे सर्वज्ञात आहे, काय गमावले हे तितकेसे नाही.

पुण्याची वस्ती आरंभापासून संमिश्र होती. जुन्या कसब्यात ग्रामदैवत गणपती, ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी आणि थोरला शेखसल्ला व धाकटा शेखसल्ला हे दोन दर्गे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. कसबा गणपतीच्या मंदिराचा संबंध परंपरेने जिजाबाईंशी जोडला जातो. वारांच्या नावांनी आज ओळखल्या जाणाऱ्या पेठांपैकी कित्येकांची जुनी नावे फार्सी वळणाची आहेत, उदा., शनिवार पेठ ही मूर्तजाबाद, सोमवार पेठ ही शहापूर, तर बुधवार पेठ ही मोहियाबाद या नावाने ओळखली जाई. पेशव्यांच्या काळात गणपती हे राजघराण्याचे आराध्यदैवत असल्याने भाद्रपदातील उत्सव शनिवारवाड्यात थाटाने होई. कीर्तने, गायन व ब्राह्मणभोजने यांवर मोठा खर्च होत असे. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याजवळ रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. हे दरबारी उत्सव होते. सामान्य रहिवाशाचा त्यांतील भाग प्रेक्षकाचा वा याचकाचा. पेशव्यांच्या फौजेत मुसलमान व ख्रिस्ती शिपाई होते. ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात (कार. १७७४–९५) १७९२ मध्ये जागा देण्यात आली. तेथे उभे राहिलेले चर्च क्वार्टर गेटजवळ आजही आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर दरबारी उत्सवांचा आश्रय तुटला. दक्षिणेची रक्कम इंग्रज सरकारने पूर्णतः बंद केली नाही, पण ती हळूहळू संस्कृत पाठशाळा व ग्रंथांची पारितोषिके यांकडे वळविली. गणपती वाड्यावाड्यांत व घराघरांत राहिला. शहराच्या पूर्वेस लष्कराची छावणी वाढली आणि तिच्याबरोबर पारशी, बेने इस्राएल व बगदादी यहुदी, गोवेकर ख्रिस्ती, बोहरा, तमिळ व तेलुगू भाषक असे समाज आले. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये पूर्ण झालेले यहुद्यांचे ‘लाल देऊळ’ हे या वाढीचे ठळक चिन्ह होय. मराठी माणसाने सिनेगॉगला ‘देऊळ’ म्हणावे, यातच शहराची एक सवय दिसते. या समाजांचे सण मात्र प्रायः आपापल्या आवारात व आपसांत साजरे होत. नाताळचा लष्कर भागातील बाजार वगळता शहराच्या रस्त्याशी त्यांचा संबंध थोडा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या रस्त्यावर खऱ्या अर्थाने दोनच मोठे प्रसंग घडत. एक आषाढी वारीचा. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वरांची व देहूहून निघणारी तुकारामांची, अशा दोन्ही पालख्या पुण्यात मुक्काम करतात. पहिली भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या व दुसरी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. देहूहून निघाल्यावर तुकारामांच्या पालखीचा पहिला विसावा अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होतो, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुसरा प्रसंग मोहरमचा.

मोहरम हा मूलतः करबलाच्या रणांगणात इ. स. ६८० मध्ये हुतात्मा झालेल्या इमाम हुसेन यांच्या शोकाचा काळ. दख्खनमध्ये मात्र त्याला फार पूर्वीपासून जत्रेचे रूप आले होते. बांबूच्या कामट्या व रंगीत कागद यांचे ताबूत, धातूचे पंजे, नालसाहेबाची सवारी, पेटविलेला अलावा, ढोलताशे, वाघाची व इतर सोंगे, गाणी म्हणत फिरणाऱ्या टोळ्या आणि दहाव्या दिवशी नदीवर नेऊन ताबूत ‘थंडे’ करणे, असा हा दहा दिवसांचा क्रम होता. या सर्वांत हिंदूंचा सहभाग पाहुण्याचा नव्हता. मूल जगावे म्हणून नवस बोलून त्याला मोहरमात ‘फकीर’ करणे, पंजापुढे मलिदा ठेवणे, वर्गणी देणे, तालमीच्या वतीने ताबूत बसविणे, त्यापुढे वाजविणे व नाचणे ही हिंदू कुटुंबांतील नेहमीची गोष्ट होती. ग्वाल्हेरच्या शिंद्यांसारख्या मराठा संस्थानिकांचे स्वतःचे ताबूत निघत. सुशिक्षित ब्राह्मण वर्ग या दंगामस्तीपासून काहीसा दूर असे. कारागीर, शेतकरी, गाडीवान, तालमीतील तरुण हे तिचे खरे मानकरी. पंथभेदाच्या दृष्टीने मोहरम मुसलमानांचा, पण रस्त्यावरचा उत्सव म्हणून तो पेठेचा होता. मराठी भाषेत रुळलेला ‘ताबूत थंडे होणे’ हा वाक्प्रचार याच परिचयातून आला.

हे चित्र १८९३ मध्ये बदलू लागले. गोरक्षणाच्या चळवळीमुळे व मशिदीवरून वाद्ये नेण्याच्या प्रश्नामुळे उत्तर व पश्चिम हिंदुस्थानात दोन्ही समाजांत तणाव वाढला होता. जुलै १८९३ मध्ये काठेवाडातील प्रभासपाटण येथे मोहरमच्या वेळी दंगल झाली. तिचे पडसाद उमटून ११ ऑगस्ट, शुक्रवारी, मुंबईत मोठी दंगल पेटली व काही दिवसांत सत्तरहून अधिक माणसे प्राणास मुकली. नाशिक जिल्ह्यातील येवल्यातही तंटे झाले. सरकार पक्षपात करते, अशी तक्रार बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांनी केसरीतून मांडली. पुण्यातील नेमस्त व सुधारक मंडळींना ही मांडणी भडक वाटली.

पुण्यात सार्वजनिक गणपती बसविण्याचा उपक्रम टिळकांच्या लेखनाच्या काहीसा आधी सुरू झाला होता. ग्वाल्हेर येथे सार्वजनिक स्वरूपाचा गणेशोत्सव पाहून आलेले नानासाहेब खासगीवाले, वैद्यकीचा व्यवसाय करणारे भाऊसाहेब रंगारी (भाऊ लक्ष्मण जावळे) आणि घोटवडेकर यांची नावे पहिल्या गणपतींच्या संदर्भात घेतली जातात. रंगारी यांनी बसविलेली राक्षसाचा वध करणाऱ्या गणपतीची मूर्ती अद्याप जतन केलेली आहे. सप्टेंबर १८९३ मधील मिरवणुकीचे केसरीने स्वागत केले आणि पुढील वर्षी टिळकांनी स्वतः गणपती बसविला. त्यानंतर उत्सवाला जे व्यापक वळण मिळाले त्याचे श्रेय त्यांचेच. उपक्रम आधीचा कोणाचा आणि त्याचे आंदोलन कोणी केले, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले तर या विषयावरील बराच वाद निरर्थक ठरतो. तो वाद मात्र मिटलेला नाही. २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने उत्सवाचे १२५ वे वर्ष साजरे केले, तेव्हा १८९२ हेच आरंभवर्ष असून रंगारी हेच आद्य प्रवर्तक होत, असा आक्षेप त्यांच्या मंडळाने घेतला होता. गुरुजी तालीम मंडळाच्या परंपरेनुसार तर तेथील गणपती १८८७ पासूनचा, तोही हिंदू व मुसलमान कुटुंबांनी मिळून बसविलेला. विसर्जन मिरवणुकीतील मानाच्या पाच गणपतींत कसबा व तांबडी जोगेश्वरी यांच्यामागे तिसरा मान याच तालमीला आहे. तुळशीबाग व केसरीवाडा हे त्यानंतरचे.

१८९४ हे वर्ष निर्णायक ठरले. आषाढी वारीत पालखीबरोबरच्या वाद्यांवरून पुण्यात मशिदीपाशी तंटा झाला. लगेच जुलैमध्ये मोहरम आला. हिंदूंनी ताबुतांत भाग घेऊ नये, वर्गणी देऊ नये, वाजवू नये, असा प्रचार पेठापेठांतून झाला व तो परिणामकारक ठरला. त्या वर्षीचे ताबूत संख्येने व थाटाने एकदम उणावले. दोन महिन्यांनी आलेल्या गणेशोत्सवात तीच माणसे, तेच ढोलताशे, त्याच तालमी मोठ्या संख्येने दिसल्या. उत्सवाच्या अखेरीस सरदार तात्यासाहेब नातू यांच्याकडील मेळा रात्री नागझरीवरील दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाजत जात असता दंगल झाली. पुढे मशिदीसमोरील वाद्यांचा प्रश्न पुण्यात कायमचा दंडाधिकारी व पोलीस यांच्या कक्षेत गेला. मुंबई प्रांतात १८९० च्या जिल्हा पोलीस अधिनियमाने मिरवणुकींवर व रस्त्यातील वाद्यांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना दिलेलेच होते.

नव्या उत्सवाने मोहरमकडून काय घेतले, याविषयी अतिशयोक्ती दोन्ही बाजूंनी होते. मातीच्या मूर्तीची स्थापना व जलात विसर्जन, दीड, पाच, सात वा दहा दिवसांचा काल, आरती, कीर्तन हे सर्व जुनेच होते. ते कोणाकडून घेण्याचे कारण नव्हते. पेठेने वर्गणी करून एक वस्तू मांडवात उभी करायची, दहा दिवस ती पाहायला गर्दी लोटायची, एका वेशातील टोळ्यांनी गाणी म्हणत फिरायचे आणि अखेरच्या दिवशी साऱ्या शहराने एकत्र मिरवत नदीवर जायचे, हा सांगाडा मात्र पुणेकरांच्या अंगवळणी पडला होता तो मुख्यतः मोहरममुळे. गणपतीचे मेळे हे या टोळ्यांचेच रूपांतर होय, असे समकालीनांनाही वाटत होते. शिवकालीन मावळ्यांच्या वेशातील मुले लेझीम व टिपऱ्यांच्या तालावर पदे म्हणत. पहिल्या वर्षांतील काही पदांत ताबुतांकडे पाठ फिरविण्याचे उघड आवाहन होते. सुधारकांच्या पक्षाने, तसेच काही इंग्रजी वृत्तपत्रांनी, हा उत्सव मुसलमानांविरुद्ध रचलेला डाव आहे, अशी टीका केली. टिळकांचे म्हणणे असे, की सुशिक्षितांनी बहुजनांत मिसळण्यास अशा उत्सवांसारखे दुसरे साधन नाही, आणि आपला उत्सव करणे म्हणजे दुसऱ्याचा द्वेष करणे नव्हे. हे म्हणणे तत्त्वतः बिनतोड असले, तरी १८९४ मधील बहिष्कार हा नव्या उत्सवाच्या यशाचा एक पाया होता, हे नाकारता येत नाही. ज्या शोकोत्सवाने पुण्यातील तळच्या थरांतील हिंदू-मुसलमानांना दरवर्षी दहा दिवस एका वाद्यापुढे आणले होते, तो त्यानंतर शहरात केवळ मुसलमानांचा उरला.

मुसलमानविरोधी सूर मेळ्यांतून लवकरच मंदावला व सरकारविरोधी सूर वाढला. रायगडावर १८९६ मध्ये सुरू झालेला शिवाजी उत्सव प्लेगमुळे लांबणीवर पडून पुण्यात जून १८९७ मध्ये झाला. त्याच महिन्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि उत्सवाच्या वृत्तांतासह केसरीतील लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. नातू बंधूंना चौकशीवाचून हद्दपार करण्यात आले. रस्त्यावरील उत्सव ही राजकीय शक्ती आहे, हे सरकारने या खटल्याच्या रूपाने मान्यच केले. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना (१९०८–१४) मेळ्यांवर, पदांवर व मिरवणुकींवर कडक निर्बंध आले. हेच टिळक १९१६ मध्ये काँग्रेस-मुस्लिम लीग यांच्यातील लखनौ कराराच्या प्रमुख शिल्पकारांपैकी होते. ९४ सालच्या टिळकांवरून त्यांची पुढची भूमिका ठरविता येत नाही.

गणेशोत्सवाचा ‘सार्वजनिक’ हा शब्द कोणाकोणाला लागू होतो, हा प्रश्न नंतर हिंदू समाजातूनच विचारला गेला. १९२० नंतरच्या दशकात केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांच्या ब्राह्मणेतर तरुणांनी ‘छत्रपती मेळा’ काढून मेळ्याचे हत्यार ब्राह्मणी पुढारीपणावरच उलटविले. ‘सन्मित्र समाज’ मेळ्याशी त्यांचे पदांतून व क्वचित हातघाईवरही सामने होत. १४ एप्रिल १९२८ रोजी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात साजरी केलेली डॉ. आंबेडकर यांची जयंती ही पहिली सार्वजनिक आंबेडकर जयंती मानली जाते. पुढील वर्षी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्यांनी सत्याग्रह केला व सत्याग्रहींवर दगडफेक झाली. देवाच्या मिरवणुकीत रस्त्यावर गर्दी चाले, देवळाच्या पायरीवर चालत नसे. अशा स्थितीत स्वतःचा उत्सव उभारणे हाच मार्ग उरतो, आणि पुण्यात तो अनुसरला गेला. ११ एप्रिलला फुलेवाड्यात व १४ एप्रिलला पुणे स्टेशनजवळील पुतळ्यापाशी लोटणारा समुदाय ही त्याची आजची रूपे होत.

स्वातंत्र्यानंतर उत्सवाचे राजकीय प्रयोजन संपले व पेठेचा अभिमान, देखावे, व्यापाऱ्यांच्या देणग्या आणि मनोरंजन यांना प्राधान्य आले. मेळे मागे पडले. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी शिस्तबद्ध ढोल-ताशा पथके उभी केली व पुढे त्यांचे लोण शहरभर पसरले. १९८९ पासून ‘पुणे फेस्टिव्हल’ची भर पडली. मंडईतील टिळक पुतळ्यापासून लक्ष्मी रस्त्याने अलका चित्रपटगृहाच्या चौकाकडे जाणारी विसर्जन मिरवणूक कित्येक वर्षी चोवीस तासांहून अधिक चालली आहे. १८९४ मधील वाद्यांचा प्रश्नही वेगळ्या रूपात परतला. ध्वनिप्रदूषण नियम (२०००) व सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निर्णय यांमुळे रात्री दहानंतरचा ध्वनिवर्धक हा आता एका समाजाने दुसऱ्यावर घ्यावयाचा आक्षेप राहिला नसून सर्व धर्मांना लागू असलेला कायदा झाला आहे. तो पाळला जातोच असे नाही.

मोहरमचे ताबूत पुण्यात आजही निघतात व संगमाकडे नेले जातात. परंतु पूर्वीच्या सर्वव्यापी उत्सवाच्या मानाने हा अवशेषच. जुने रूप पाहावयाचे तर सांगली जिल्ह्यातील कडेगाव येथे जावे लागते. तेथील उंच ताबुतांपैकी अनेक हिंदूंचे असून त्यांच्या भेटीचा सोहळा पाहण्यास दोन्ही समाजांची गर्दी होते. सातारा, सांगली, कोल्हापूर व सोलापूर या जिल्ह्यांतील अनेक खेड्यांत पंजे हिंदू घरांतून उठतात. बहिष्काराची हाक जेथे पोहोचली नाही वा टिकली नाही, तेथे जुनी रीत राहिली, असे यावरून दिसते.

पुण्याच्या उत्सवांच्या इतिहासात पंचांगाचाही वाटा आहे व तो सहसा विचारात घेतला जात नाही. हिजरी वर्ष सु. ३५४ दिवसांचे असते. हिंदू वर्षही चांद्र महिन्यांचेच, परंतु दर सु. पावणेतीन वर्षांनी अधिक मास धरून ते सौर वर्षाशी जुळते ठेवले जाते. म्हणून दोन अधिक मासांच्या दरम्यान एखादा हिजरी महिना व एखादा हिंदू महिना जोडीने चालतात. अधिक मास आला, की जोडी बदलते आणि सु. साडेबत्तीस वर्षांनी तीच जोडी पुन्हा जमते. १८९३ व १८९४ या दोन्ही वर्षी मोहरमची जोडी आषाढाशी होती. दोन्ही वर्षी आषाढी एकादशी व मोहरमचा दहावा दिवस जवळजवळ एकत्र आले. वारी, ताबूत व गणपती हे तिन्ही एका पावसाळ्यात, दोन-अडीच महिन्यांत येऊन गेल्याने एका प्रसंगाचा राग निवण्याआधीच दुसरा प्रसंग उभा राहिला. तंट्याची कारणे अर्थातच माणसांत होती. पंचांगाने त्यांना उसंत दिली नाही.

अशी गाठ त्यानंतर अनेकदा पडली आहे. २०१८ व २०१९ मध्ये मोहरम भाद्रपदात येऊन दोन्ही उत्सवांचे दहा दिवस बरोबरच चालले. २०२० मध्येही तसेच झाले, पण त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे ना ताबुतांची मिरवणूक निघाली ना गणपतीची. पालख्या २०२० व २०२१ मध्ये एसटीच्या बसमधून पंढरीस गेल्या. २०२३ मध्ये आषाढी एकादशी व बकरी ईद २९ जून या एकाच दिवशी आल्या, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरविले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकत्र आल्या. पुणे व मुंबई येथील मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक पुढे ढकलली आणि राज्य शासनाने ईदची सुट्टी २९ सप्टेंबरला दिली. २०२४ मध्ये १७ जुलै व २०२५ मध्ये ६ जुलै या दिवशी आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस पुन्हा एकत्र आले. म्हणजे १८९३-९४ चीच जुळणी चौथ्या आवर्तनात परतली होती. या वेळी बैठका आधी झाल्या, मार्ग व वेळा ठरवून दिल्या गेल्या, आणि मिरवणुका पार पडल्या. २०२६ चा अधिक ज्येष्ठ ही जोडी सोडवितो. यापुढे ती सु. तीन दशकांनी जुळेल.